चौकीतच बिऱ्हाड थाटणारा चोर

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला दरोडेखोराचे फारसे भय नसते. त्याच्यासाठी गज असतात, बंदूकवाला असतो, धोक्याची घंटा असते. भय वाटते ते घंटा वाजूच न देणाऱ्याचे. क्षयाचा जंतू या दुसऱ्या जातीचा.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला. श्वासावाटे तो फुप्फुसात शिरतो, तेव्हा त्याची गाठ पडते भक्षक पेशीशी. ही आपली पहारेकरीण. जंतू दिसला की गिळायचा, पोटातल्या एका पिशवीत कोंडायचा आणि तिथे आम्ल व पाचक रस सोडून त्याचा निकाल लावायचा, हा तिचा शिरस्ता. क्षयाचा जंतू मात्र कोंडला गेल्यावर ‘पीटीपीए’ नावाचे प्रथिन बाहेर सोडतो. ते आम्ल भरणारा पंपच अडवते. ‘ईसॅट-६’ हे दुसरे प्रथिन पिशवीचा पडदा फाडायला हातभार लावते. म्हणजे चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटले!

काल्मेट आणि गेरां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून दुबळा केला. १९२१ पासून बीसीजी म्हणून टोचला जातो तो हाच. तो दुबळा का झाला, याचे एक मोठे कारण कित्येक दशकांनी कळले. ‘ईसॅट-६’ बनवण्याची विद्याच तो विसरला होता. बाळांना ही लस क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा तेवढा भरवसा नाही.

लपणे हेच या जंतूचे बळ. म्हणून तर गोळ्या साधारणपणे सहा महिने घ्याव्या लागतात. खोकला थांबला म्हणून त्या मध्येच सोडल्या, की दडून बसलेले जंतू डोके वर काढतात, कधी कधी औषधांना न जुमानणारे होऊन.

जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत. तरीही आपण काय करतो? मुलीचे लग्न ठरायचे आहे, बोलू नका. कचेरीत कळायला नको. ताट-वाटी वेगळी, पण तोंडातून अक्षर नाही. लपण्याचा धंदा जंतूचा. त्यात घरच्यांनी भागीदारी का करावी?

पहारेकरणीला उपाशी ठेवून पहारा होत नाही. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. सरकारही २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. रक्कम थेट बँक खात्यात येते.

पण ज्याचे नावच नोंदवहीत नाही, त्याच्या खात्यात जमा काय होणार? घरात दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर त्या माणसाला उद्याच थुंकी तपासायला न्या. आणि निदान झालेच, तर कुजबुजू नका. मोठ्याने बोला.