निलंबनाचे सामने मोजण्याबाबत मागणीपत्र

दिनांक : २४ ऑगस्ट २०२३

प्रति,
मा. अध्यक्ष व शिस्तपालन विभाग,
वर्ल्ड रग्बी, डब्लिन

विषय : मार्सेय येथे ९ सप्टेंबरला होणाऱ्या इंग्लंड–अर्जेंटिना सामन्यापूर्वी निलंबनाच्या पद्धतीत स्पष्टता आणण्याबाबत.

महोदय,

आम्ही लंडन आणि आसपासच्या गावांत राहणारे मराठी रग्बीप्रेमी आहोत. आमच्यातले काही जण भर पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात हा खेळ खेळून इकडे आले, तर काहींना मुलांच्या शाळेमुळे इथेच त्याची गोडी लागली. आमची संघटना लहान आहे आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते. मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो आणि कोण खेळणार, कोण बाहेर, कुणाला कोण अडवणार यावर रात्री उशिरापर्यंत बोलतो. गेल्या शुक्रवारी मात्र खेळाचा विषय निघालाच नाही. सगळा वेळ इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याच्या सुनावणीवर गेला. मंगळवारी अपिलाचा निकाल लागला, तेव्हा बुधवारी तातडीची बैठक घेऊन हे मागणीपत्र एकमताने मंजूर केले.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही सौम्य शिक्षा मागायला आलेलो नाही. डोक्याला लागणाऱ्या टॅकलला कडक शिक्षा झालीच पाहिजे. २००३ मध्ये सिडनीला विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्टीव्ह थॉम्प्सन हूकर होता. वयाच्या चाळिशीतच त्याला डिमेन्शिया झाला आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवतच नाही, असे त्याने २०२० च्या डिसेंबरमध्ये जगाला सांगितले. आमच्यातल्या अनेकांना त्या सामन्यातले एकेक मिनिट पाठ आहे आणि तो सामना जो स्वतः खेळला, त्याच्याकडे त्यातले काही उरलेले नाही. हे ऐकल्यावर उंच टॅकलची बाजू घेण्याची आमची हिंमत नाही आणि इच्छाही नाही. शिक्षा ठरते कशी आणि मोजली जाते कशी, एवढ्यापुरतीच आमची तक्रार आहे.

घडले ते असे. १२ ऑगस्टला ट्विकेनहॅमवर वेल्सविरुद्ध फॅरेलचा खांदा टेन बॅशमच्या डोक्यावर आदळला. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. बंकरमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या आठ मिनिटांत चित्रफीत तपासून त्याचे लाल केले. १५ तारखेला शिस्तपालन समितीने ते लाल कार्ड रद्द केले. इंग्लंडचाच हूकर जेमी जॉर्ज याचा धक्का लागल्याने बॅशमची दिशा ऐनवेळी बदलली, असे कारण समितीने दिले. दोन दिवसांनी आपण स्वतः अपिलात गेलात. २२ तारखेला अपील समितीने सांगितले की, फॅरेलने हाताने वेढा घालण्याचा प्रयत्न केला नव्हता, हा मुद्दा पहिल्या समितीने विचारात घ्यायलाच हवा होता, तो टॅकल मुळातच बेकायदेशीर होता आणि म्हणून दिशा बदलल्याची सवलत त्याला लागू होत नाही. सहा सामन्यांवरून सुरुवात करून शिक्षा चारवर आली.

अंतिम निकाल आम्हाला योग्य वाटतो. पण तिथवर पोहोचायला दहा दिवस लागले. बंकरमधल्या अधिकाऱ्याने १२ तारखेला कार्ड लाल केले ते वेढ्याच्या मुद्द्यावर, हे आम्हाला स्पष्टपणे कळले २२ तारखेला. मधले सगळे दिवस ज्याला जे वाटेल ते तो बोलत राहिला. पहिल्या समितीतले तिघेही ऑस्ट्रेलियाचे असल्याने त्यांच्या हेतूवर शंका घेतल्या गेल्या, त्या आम्हाला मुळीच मान्य नाहीत. फॅरेलवर तर इतकी चिखलफेक झाली की आयर्लंडचे प्रशिक्षक असलेल्या त्याच्या वडिलांना, अँडी फॅरेल यांना, सामन्याच्या तयारीत असतानाही त्यावर जाहीरपणे संताप व्यक्त करावा लागला. कारणे वेळेवर बाहेर आली असती, तर यातले बरेच टळले असते.

आमच्या एक सभासद रविवारी सकाळी इथल्या क्लबात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतात. १ जुलैपासून इंग्लंडमध्ये हौशी आणि मुलांच्या खेळात टॅकलची उंची छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली गेली आहे. मुलांच्या लक्षात राहावे म्हणून त्या टॅकल बॅगला बरोबर त्या उंचीवर लाल चिकटपट्टी गुंडाळतात. पट्टीच्या वर हात गेला की मुलाने स्वतःच थांबायचे आणि पुन्हा रांगेत मागे जायचे. गेल्या रविवारी एक मुलगा थांबला, रांगेत गेला आणि तिथूनच त्याने विचारले, ‘मग त्याला सोडलं कसं?’ बाईंनी निकाल वाचलेला होता, नियमही त्यांना पाठ आहेत, तरी त्या मुलाला पटेल असे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी बैठकीत हे सांगितले, तेव्हा हे पत्र लिहायचे ठरले.

यावरून आमची पहिली मागणी : बंकरमधला अधिकारी कार्डाचा रंग बदलतो, तेव्हा त्याची कारणे त्याच संध्याकाळी लेखी प्रसिद्ध व्हावीत. डोक्याशी संपर्क झाला का, धोका किती होता, वेढ्याचा प्रयत्न होता का, सवलत का दिली किंवा नाकारली, एवढ्या चार ओळी पुरेत. समितीचा निकालही सविस्तर कारणांसकटच जाहीर व्हावा. आधी निकाल आणि मागाहून कारणे, असे होऊ नये.

दुसरी मागणी वेळेची. विश्वचषकात अर्जेंटिनानंतर आठच दिवसांत इंग्लंडला जपानशी खेळायचे आहे. एखाद्या प्रकरणाला पुन्हा दहा दिवस लागले, तर मधला सामना त्या खेळाडूने खेळायचा की नाही, याचा निर्णय कुणाच्या हाती? यावेळी इंग्लंडने फॅरेलला आपणहून डब्लिनच्या सामन्यातून वगळले म्हणून पेच सुटला. दर वेळी तसे होईलच असे नाही. सामन्यानंतर ४८ तासांत सुनावणी आणि अपील करायचेच असेल तर पुढच्या ४८ तासांत त्याचाही निकाल, असे बंधन घालावे. संघ जाहीर होण्याआधी सगळे मिटलेले असावे.

तिसरी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

चार सामने म्हणजे नेमके कुठले चार? फॅरेलच्या बाबतीत आयर्लंडविरुद्धचा १९ ऑगस्टचा सामना, परवाचा फिजीविरुद्धचा, मग अर्जेंटिना आणि जपान असे चार धरले गेले. यातले पहिले दोन सराव सामने आहेत आणि त्यातलाही एक निकालाच्या आधीच होऊन गेला होता. म्हणजे चारची शिक्षा झाली, तरी विश्वचषकातले दोनच सामने बुडणार. आयर्लंडच्या जॉनी सेक्स्टनचे उदाहरण याहून बोलके आहे. २० मेच्या चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात त्याचा क्लब लेन्स्टर ला रोशेलकडून एका गुणाने हरला. दुखापतीमुळे तो त्या दिवशी खेळत नव्हता, पण सामना संपल्यावर पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल त्याला जुलैत तीन सामन्यांची बंदी झाली. ते तीन सामने कुठले, तर इटली, इंग्लंड आणि सामोआविरुद्धचे सराव सामने. ९ सप्टेंबरला बोर्दोत रुमेनियाविरुद्ध तो खेळायला मोकळा आहे. सेक्स्टनचा खेळ आम्हाला मनापासून आवडतो आणि विश्वचषकात तो दिसावा असेच वाटते. म्हणूनच सांगतो, ही मोजणी बरोबर नाही.

अडतीस वर्षांच्या खेळाडूला ऑगस्टमधले तीन सराव सामने चुकले तर त्याची लय बिघडेल, हे खरे. पण त्याच तीनच्या आकड्यात एखाद्याचे विश्वचषकाचे तीन साखळी सामने गेले, तर त्याचे चार वर्षांचे कष्ट वाया जातात. आकडा एकच असला तरी या दोघांचे नुकसान सारखे नाही. जानेवारीतही मोजणीवरूनच वाद झाला. ग्लॉस्टरविरुद्धच्या टॅकलबद्दल फॅरेलला चार सामन्यांची बंदी होती, टॅकल स्कूल, म्हणजे टॅकल सुधारण्याची शिकवणी, घेतल्यामुळे ती तीनवर आली. शेवटी त्याच्या सॅरासेन्स क्लबाचा ब्रिस्टलविरुद्धचा सामना गणतीत धरावा की नाही यावर बराच खल झाला, आणि तो धरल्यामुळेच ४ फेब्रुवारीला स्कॉटलंडविरुद्ध कलकत्ता कपसाठी खेळणे त्याला शक्य झाले. (कलकत्त्याच्या रग्बी क्लबाने खात्यातले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला हा कप, त्याच्या सामन्याआधी आम्ही नेहमीपेक्षा जास्तच भावूक होतो, हे कबूल.)

म्हणून आम्ही मागतो की, सराव सामना बंदीत अर्धाच धरावा. शिक्षा सुनावतानाच कुठले सामने मोजले हे तारखांसह लिहावे आणि त्या यादीत नंतर बदल करू नये. खेळाडू ज्या सामन्यात खेळणारच नव्हता, मग तो दुखापतीमुळे असो वा दुसऱ्या संघाच्या शिबिरामुळे, तो सामना अजिबात धरू नये. संघाने आपणहून वगळलेला सामना धरायचा की नाही, याचा नियम आधीच ठरलेला असावा. फॅरेलच्या वेळी तो धरला गेला, त्याला आमची हरकत नाही. पण तसा धरला जाईल हे कुणालाच आधी माहीत नव्हते.

टॅकल स्कूलबद्दल थोडेच. बिली वुनिपोलाला आयर्लंडविरुद्ध अँड्र्यू पोर्टरला केलेल्या टॅकलबद्दल तीन सामन्यांची बंदी झाली आहे. शिकवणी पूर्ण केली तर एक सामना कमी होऊन तो जपानविरुद्ध खेळू शकेल. इंग्लंडच्या संघात तो एकटाच खरा नंबर आठ असल्याने आम्हाला याचा आनंदच आहे. ही सोय चालू ठेवावी, कारण खेळाडूला नुसते घरी बसवण्यापेक्षा शिकवलेले बरे. मात्र फॅरेलने जानेवारीत हीच शिकवणी घेतली होती आणि ऑगस्टमध्ये काय झाले ते सर्वांनी पाहिले. शिकवणीत खेळाडूच्या टॅकलमध्ये काय बदलायचे ठरले आणि पुढच्या सामन्यांत ते दिसले का, हे त्याच्या संघाच्या प्रशिक्षकाने लेखी कळवावे.

शेवटची मागणी लहान देशांसाठी आहे. टोंगाच्या जॉर्ज मोआलाने १० ऑगस्टला कॅनडाच्या खेळाडूला उचलून आपटले. त्याची मूळ दहाची शिक्षा निम्मी होऊन पाचावर आली. त्याचा गुन्हा वेगळ्या प्रकारचा होता, तेव्हा त्याची फॅरेलशी सरळ तुलना आम्ही करत नाही. पण ज्या आठवड्यात एका श्रीमंत संघाच्या कर्णधाराचे लाल कार्ड पुसले गेले, त्याच आठवड्यात टोंगाच्या लोकांनी आपल्या खेळाडूची बंदी ऐकली. त्यांना काय वाटले असेल, ते आम्ही समजू शकतो. मोठ्या संघांबरोबर लंडनचे नामांकित वकील सुनावणीला बसतात. टोंगा, सामोआ, फिजी, रुमेनिया, चिली यांच्या खेळाडूंसाठी वर्ल्ड रग्बीने स्वखर्चाने तेवढाच अनुभवी वकील उपलब्ध करून द्यावा. समितीतले तिघे तीन वेगवेगळ्या देशांचे असावेत, म्हणजे पहिल्या समितीच्या वाट्याला आलेल्या शंका पुन्हा कुणाच्या वाट्याला येणार नाहीत.

आमच्या बाजूनेही एक ठराव मंजूर झाला आहे. बंदी झालेल्या खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना शिवीगाळ करणाऱ्या सभासदाचे सभासदत्व त्याच दिवशी रद्द होईल.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नियमदुरुस्तीची वाट पाहावी लागू नये. त्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यापासून लागू करता येतील. सामने मोजण्याचा नियम बदलायला वेळ लागेल, हे आम्हाला कळते. तो पुढच्या हंगामापासून लागू व्हावा. आमचे अकरा सभासद ९ सप्टेंबरला मार्सेयला येत आहेत. त्याआधी, ५ सप्टेंबरपर्यंत, लेखी उत्तर मिळावे ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद