पॅनेल सर्वेक्षण (निवडणूक अभ्यास)

पॅनेल सर्वेक्षण ही मतदारांच्या एकाच निवडलेल्या गटाला ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा भेटून, तेच प्रश्न विचारून त्यांच्या मतांतील बदल नोंदवण्याची संशोधनपद्धती आहे. मुलाखतींच्या प्रत्येक खेपेस ‘फेरी’ म्हणतात. नेहमीच्या मतदानोत्तर पाहणीत दर वेळी नवे मतदार निवडले जातात. त्यातून समाजाचा एकूण कल कळतो. परंतु कोणता मतदार कोठून कोठे गेला, हे कळत नाही. मतदानवर्तन आणि राजकीय ध्रुवीकरण यांच्या अभ्यासात ही उणीव पॅनेल सर्वेक्षणाने भरून निघते.

इतिहास

या पद्धतीचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी काउंटीत झाला. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६०० मतदारांच्या मे ते नोव्हेंबर या काळात सात वेळा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे पक्ष बदलणारे मतदार थोडे असतात आणि बहुतेकांचे आधीचेच मत अधिक पक्के होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ब्रिटनमध्ये डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुजवली.

भारतात दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने (सीएसडीएस, स्थापना १९६३) राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांची परंपरा घातली. १९९६, १९९८ आणि १९९९ या लागोपाठच्या लोकसभा निवडणुकांच्या अभ्यासांत पॅनेल पद्धतीचा वापर झाला. केंद्राच्या ‘लोकनीती’ उपक्रमाशी पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर दीर्घकाळ निगडित आहेत.

२०२४ मधील सोलापूर

या पद्धतीची गरज २०२४ मध्ये महाराष्ट्रात ठळकपणे दिसली. लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने आणि १७ जागा महायुतीने जिंकल्या. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत मात्र २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळाल्या.

सोलापूर लोकसभा मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांचा ७४,१९७ मतांनी पराभव केला. २० नोव्हेंबरच्या मतदानात याच मतदारसंघातील सहांपैकी पाच विधानसभा जागा भाजपने जिंकल्या. केवळ मोहोळ राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाकडे गेली.

या बदलाची किमान चार कारणे संभवतात : काही मतदारांनी पक्ष बदलला, मे महिन्यात घरी राहिलेले मतदार नोव्हेंबरमध्ये बाहेर पडले, दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा पक्ष, असा विचार मतदारांनी केला, किंवा मतदारयादीच बदलली. केंद्रनिहाय मतमोजणीवरून यांतील एकाचीही खात्री होत नाही. समजा, शंभर मतदारांत दोन पक्षांचे बळ ५०-५० होते, ते पुढे ५५-४५ झाले. हा फरक पाच जणांनी एका बाजूला सरकल्याने पडतो, तसाच २५ जणांनी इकडे आणि २० जणांनी तिकडे गेल्यानेही पडतो. पहिल्या स्थितीत समाज जवळजवळ स्थिर असतो, दुसऱ्या स्थितीत तो ढवळून निघालेला असतो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेविषयीच्या चर्चेतही हाच प्रश्न आहे. योजनेच्या लाभार्थींनी महायुतीला मत दिले, असे निवडणुकीनंतरच्या पाहणीत आढळले, तरी योजनेमुळे मत वळले हे सिद्ध होत नाही. त्यांपैकी किती जणी मे महिन्यातही महायुतीकडेच होत्या, हे योजनेपूर्वीच्या फेरीवरूनच कळू शकते. मागील मत आठवून सांगताना मतदार अनेकदा विजयी पक्षाचे नाव घेतात, त्यामुळे स्मरणावर विसंबता येत नाही.

ध्रुवीकरणाचे मापन

धोरणांविषयीच्या मतांतील अंतरास वैचारिक ध्रुवीकरण, तर विरोधी पक्षाच्या समर्थकांविषयीच्या दुराव्यास भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. दुसऱ्या प्रकारासाठी शेजार, मैत्री, सोयरीक यांविषयी प्रश्न विचारले जातात. मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादात प्रचारामुळे दुरावा वाढला, की आधीचाच दुरावा प्रचारात प्रकट झाला, याचा निवाडा त्याच व्यक्तींच्या क्रमवार उत्तरांवरून करता येतो. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्याने ‘तुमचा पक्ष कोणता?’ या साध्या प्रश्नाचे पर्यायही फेरीगणिक बदलावे लागतात.

कुंभारी आणि स्थलांतराचा प्रश्न

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प तेथेच हाती घेण्यात आला. त्यांतील १५,००० घरांचा लोकार्पण सोहळा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. घर मिळाल्याने मत बदलते का, हे तपासण्यास ही अनुकूल जागा आहे, कारण घर मिळालेली आणि प्रतीक्षेतील कुटुंबे असंघटित कामगारांची व एकाच शहरातील आहेत. मात्र घर बदलताच जुना पत्ता निरुपयोगी होतो आणि सर्वेक्षकास नेमकी तीच कुटुंबे सापडत नाहीत.

मर्यादा

फेरीगणिक होणारी गळती हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय. ऊसतोड कामगार, भाडेकरू आणि सासरी गेलेल्या मुली प्रथम गळतात. उरलेला गट अधिक स्थिर घरांचा असल्याने समाजही अधिक स्थिर भासतो. वारंवार प्रश्न विचारल्याने उत्तरदाता राजकारणाकडे अधिक लक्ष देऊ लागतो, हा दुसरा दोष. सोलापुरात प्रश्नावली मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू भाषांतही समान अर्थाची असणे आवश्यक ठरते.

पुनर्भेटीसाठी नाव-पत्ता जपून ठेवावा लागत असल्याने गोपनीयतेची जबाबदारी वाढते. गावात कोणाचे मत कोठे गेले, हे उघड झाल्यास उत्तरदात्याच्या कामावर, उधारीवर आणि शेजारसंबंधांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे ओळख आणि उत्तरे वेगवेगळी साठवणे व गावपातळीवरील आकडे प्रसिद्ध न करणे इष्ट मानले जाते.