तापाला घाबरून दिलेले प्रतिजैविक

खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्यात एखाद्याचे पोट असह्य दुखू लागले आणि निदान स्वादुपिंडदाहाचे निघाले, की रुग्णवाहिका सातारा किंवा पुण्याकडे धावते. पित्ताशयातील खडे आणि दारू ही या आजाराची दोन मुख्य कारणे. बहुतेक रुग्ण आठवडाभरात सावरतात. साधारण पाचांतील एकाचा आजार गंभीर वळण घेतो. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो : ‘भारी अँटिबायोटिक सुरू केले ना?’

हा प्रश्न प्रेमापोटीच येतो, पण त्याचे उत्तर अनेकदा ‘नाही’ असायला हवे. स्वादुपिंडातील पाचकरस त्याच ग्रंथीला जाळू लागतात, तेव्हा दाहामुळेच ताप चढतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. पहिल्या आठवड्यातील या तापामागे बहुधा जंतू नसतात. म्हणूनच केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत, असे २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. पित्तनलिकेत संसर्ग असेल, तर मात्र विलंब चालत नाही.

खरा धोका पुढे असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्यातील जंतू स्वादुपिंडाच्या मृत भागात पोहोचतात. शिरेत घातलेल्या नळीतूनही रक्तात शिरतात. तोपर्यंत विनाकारण दिलेल्या औषधांनी साधे जंतू मारलेले असतात आणि उरतात ते क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे निर्ढावलेले. मेरोपेनेमही चालेनासे झाले, की हाताशी राहते कोलिस्टिनसारखे औषध, आणि ते आधीच थकलेल्या मूत्रपिंडांना इजा करू शकते. हे शेवटचे शस्त्र माणसांसाठी राखावे, म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. मग रुग्णालयांत इतर प्रतिजैविकांची उधळपट्टी का चालावी?

उपाय महागडे नाहीत. प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे. अहवाल आला, की औषध बदलावे किंवा थांबवावे. शिरेतील नळी गरज संपताच काढावी, हात दर वेळी धुवावेत. तोंडाने किंवा नाकातील नळीने लवकर अन्न द्यावे. त्याने आतड्याचे अस्तर शाबूत राहते.

सुरुवात तालुक्याच्या गावातूनच व्हायला हवी. ‘जाता जाता एक इंजेक्शन’ दिले, की पुढच्या रुग्णालयातील कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता घटते. द्यावेच लागले, तर औषधाचे नाव आणि वेळ चिठ्ठीवर ठळक लिहावी. नातेवाइकांनीही प्रश्न बदलावा : ‘अँटिबायोटिक दिले का?’ऐवजी ‘कशासाठी दिले आणि कधी थांबणार?’ तिसऱ्या आठवड्यात खरोखर संसर्ग झाला, तर लागू पडणारे औषध शिल्लक असेल की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या दिवशीच ठरते.