आधीं ओळख, मग उपाय

कपाशीच्या बोंडांवर तांबडे ढेकूण दिसतांच ते मारावे, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु त्या तांबड्या थव्यांत आपला एक मित्रहि असूं शकतो, याचा विचार फारसा होत नाहीं. सरकीचा रस शोषून रुईस डाग पाडणारा ढेकूण तो डिस्डर्कस कोनिगी. आणि त्याचेंच रक्त शोषून त्यास मारणारा तांबडा ढेकूण तो अँटिलोकस कोकेबर्टी. शास्त्रज्ञांनीं दोघांस पायरोकोरिडी या एकाच कुळांत घातलें आहे. तेव्हां केवळ रंगावर भिस्त ठेवणें धोक्याचें होय. पूर्ण वाढलेल्या डिस्डर्कसच्या पोटावर पांढरे आडवे पट्टे व पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. शिवाय सोंड कोठें रुतली आहे तें पाहावें: बोंडांत, कीं दुसऱ्या ढेकणाच्या अंगांत?

वर्गीकरण हा पंडितांचा खेळ, असें कित्येक बंधु म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. फवारणीचें औषध शत्रु-मित्र जाणत नाहीं. तो भेद आपणच जाणला पाहिजे. यास्तव संस्थेनें दोन्ही किडींचे टांचणीस लावलेले नमुने कार्यालयांत ठेवावे, व सभासदांनीं औषध विकत घेण्यापूर्वीं आपल्या शेतांतील कीड त्यांशीं ताडून पाहावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.