गौरी माहेरी येते. घरच्या गौरीचे काय?

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर तिला निरोप दिला जातो. आमच्या कोकणात ही देवता माहेरवाशीण म्हणून येते. तेरड्याच्या रोपांच्या रूपाने ती उंबरठा ओलांडते, कुंकवाच्या पावलांवरून घरभर फिरते, पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा घास घेते आणि दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याने तृप्त होते. तीन दिवस तिने काही करावयाचे नसते. ती विसाव्याला आलेली लेक असते. या कल्पनेत आपल्या पूर्वजांचे अंतःकरण किती कोमल होते याची साक्ष आहे. जगन्मातेलाही माहेर हवे, तिलाही विश्रांती हवी, हे त्यांनी जाणले होते.

परंतु या माहेरवाशिणीच्या विसाव्यासाठी जी माउली पहाटेपासून चुलीपुढे उभी असते, तिला या तीन दिवसांत देवापुढे घटकाभर स्वस्थ बसावयास मिळते काय? सणाच्या या पानावर आम्ही आज हाच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील कारखान्यांतून घडलेले गजानन देशोदेशी जातात. सणापूर्वी कित्येक महिने तेथे स्त्रियांचे हात राबत असतात. पोह्याच्या पापडांचा आणि मिरगुंडांचा गावचा लौकिकही स्त्रियांनीच उभा केलेला. तिकडे रोह्यास धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा पती, शाळेत जाणारी मुले आणि वृद्ध सासूसासरे, या सर्वांची घड्याळे एकाच स्त्रीच्या अंगावर चालतात. दुसऱ्यांच्या घरचा गणपती रंगविणारी माता आपल्या घरच्या गणपतीपुढे येते ती बहुधा आरतीच्या शेवटी, पदराला हात पुशीत.

आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने देवळोदेवळी हेच पाहत आलो. पूर्वरंगात मागच्या रांगा स्त्रियांनी भरलेल्या असतात. उत्तररंगातील आख्यान रंगात आले, की एकेक जण हळूच उठू लागते. भाजी फोडणीस टाकावयाची असते, कुणाची औषधाची वेळ झालेली असते. कथेतील देव भेटण्याच्या क्षणी श्रोत्री उठून गेलेली असते.

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे जातात. आमच्या जुन्या मापात सांगावयाचे, तर एक घटका म्हणजे २४ मिनिटे आणि अहोरात्राच्या घटका ६०. घरकामात स्त्रीच्या १२ घटका जातात, पुरुषाच्या पावणेचारही भरत नाहीत. मुलाबाळांची व वृद्धांची शुश्रूषा यात धरलेली नाही. ती निराळी मोजली आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. 'काम हीच पूजा. संत जनाबाईने दळताकांडताच पांडुरंग मिळविला ना?' जनाबाईचे नाव घ्यावे, पण कथा पुरी सांगावी. परंपरा असे सांगते, की जनीच्या जात्याशी विठ्ठल स्वतः येऊन दळू लागला. देवाने तिला 'दळीत राहा, तीच माझी पूजा' एवढे सांगून वाटेस लावले नाही. त्याने खुंट्याला हात घातला. तेव्हा जनाबाईच्या कथेचा बोध एकट्या स्त्रीसाठी नाही. तिच्या घरात जे कोणी देवाचे नाव घेतात, त्यांनी जात्याचा खुंटा धरावा, हा त्या कथेचा अर्धा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे.

शब्दही हेच सांगतात. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे आणि 'उपासना' म्हणजे जवळ बसणे. आपल्या घरांतून उपवासाच्या दिवशी मात्र दोन स्वयंपाक होतात, उपवास करणाऱ्यांचा वेगळा आणि न करणाऱ्यांचा वेगळा. आणि जिने उपवास धरलेला असतो, ती देवाच्या जवळ नव्हे, साबुदाण्याच्या कढईजवळ राहते. 'विश्रांती' या शब्दात श्रम निघून जाणे अभिप्रेत आहे, आळस नव्हे.

या बाबतीत आमच्याच तालुक्यातील एका मातेचे स्मरण होते. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई. विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे, की घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर आणि स्वतः पानावर बसण्यापूर्वी ती देवापुढे बसे आणि पूजेच्या शेवटी क्षमा मागताना तिच्या डोळ्यांतून धारा लागत. एकदा तिने देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला. दाणा दाणा मोजण्यापेक्षा मापाने हिशेब करावा, असे वडिलांनी सुचविले. विनोबांनी मात्र आईची बाजू घेतली. प्रत्येक दाण्यासरशी चित्त ईश्वराकडे जाते, हाच त्या मोजणीचा हेतू, असे ते म्हणाले. संसाराच्या धबडग्यातही त्या माउलीने स्वस्थतेची जागा शोधली होती. तथापि ती जागा सर्वांच्या जेवणानंतर आणि स्वतःच्या भुकेआधी होती, हेही आपण विसरू नये. तिच्या भक्तीचे गुणगान करून तिच्यासारख्या आजच्या मातांना शेवटच्या पंगतीत उपाशी ठेवणे म्हणजे भक्तीचा गौरव नव्हे.

रोहे येथे १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी स्वाध्याय परिवारास त्रिकाल संध्या दिली, तीही याच दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. जाग येताच स्मृती देणाऱ्याचे, जेवताना शक्ती देणाऱ्याचे आणि निजताना शांती देणाऱ्याचे स्मरण करावयाचे. यास सोवळे लागत नाही, साहित्य लागत नाही, निराळा वेळही फारसा लागत नाही. ज्या मातेच्या मांडीवर तान्हे आहे, तिलाही हे शक्य आहे. आम्ही भगिनींना सांगू इच्छितो, की मोठी पोथी पुरी झाली नाही म्हणून खंत करू नका. तीन क्षण धरून ठेवा. देव हिशेब दाण्यांचाच घेतो, मापांचा नाही.

परंतु एवढ्याने घरातील इतरांची सुटका होत नाही. आमची सूचना अगदी साधी आहे. या गौरीच्या सणापासून ६० घटकांतील एक घटका घरच्या मातेच्या नावे राखून ठेवावी. त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये. मोबाईल वाजला तर दुसऱ्याने घ्यावा. चहा हवा असेल तर ज्याला हवा त्याने ठेवावा, आणि तान्हे रडले तर बापाने उचलावे. ती जप करील, मूर्तीकडे पाहत बसेल किंवा नुसती डोळे मिटून बसेल. तो तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न. नैवेद्यातील दोन पदार्थ कमी झाले तरी गौरी रुसणार नाही. भाजी-भाकरीवर संतुष्ट होणारी ही देवता पदार्थ मोजावयास येत नाही.

रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नसे. सोप्या मराठीत गीता हवी, तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलास म्हटले होते. १९१८ साली त्या निवर्तल्या. विनोबांची 'गीताई' १९३०-३१ मध्ये लिहून झाली. पुत्राने ग्रंथाच्या नावातच आई ठेवली आणि महाराष्ट्रातील असंख्य मातांना गीता दिली. पण जिने मागितली होती, तिच्या हाती ती पडू शकली नाही. विनोबांची योग्यता फार मोठी, आणि त्यांच्या आईचे मागणेही मोठे होते. आपल्या घरच्या माता एवढे मोठे काही मागत नाहीत. त्यांना घटकाभर देवापुढे बसावयाचे आहे. ते देण्यास उशीर लागू नये.