झोपायला इकडे, कामाला तिकडे

वेदगंगेच्या काठी, जत्राट-भिवशीच्या बाजूला आमचं गाव. कोल्हापूरचे पाहुणे आले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय शांत आहे हो तुमच्याकडं!" शांत आहे खरं. सकाळी सातनंतर गावात बोलायला माणूसच उरत नाही.

पहाटेपासून मोटारसायकली निघतात. महामार्गाला लागायचं, मग यमगर्णीचा पूल, सौंदलगा, कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगेवरचा पूल, की आलंच कागल. पंचतारांकित एमआयडीसीत कोणी व्हीएमसी मशीनवर उभा राहतो, कोणी फाउंड्रीत, कोणी आणखी पुढे गोकुळ शिरगावात. रेशनकार्ड कर्नाटकाचं, हजेरी महाराष्ट्राची. संध्याकाळी रिकामा डबा हँडलला लटकवून परत येतात ते जेवायला आणि झोपायला. ओव्हरटाइम असला तर नुसतं झोपायला.

मी निवृत्त, त्यामुळे दिवसाचं गाव माझ्या वाट्याला येतं. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, नदीत डुंबणाऱ्या म्हशी, पारावर पेपरचं एकच पान तासभर धरून बसलेले तात्या. कोल्हापुरात भाड्याची खोली घेऊन राहण्यापेक्षा हे बरं, असं आमच्या पोरांचं म्हणणं, आणि ते काही चूक नाही. स्वतःचं घर आहे, चार गुंठे ऊस आहे, आई-बापाजवळ राहणं होतं.

पूर्वी कामाची जागा म्हणजे निपाणी. तंबाखूच्या वखारी, गाड्यांच्या रांगा, सगळ्या गावभर तो उग्र वास. आज पोरं ज्या महामार्गावरून सुसाट जातात, त्याच रस्त्यावर १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला भाव मागत हजारो शेतकरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. तात्या तेव्हा तिथे होते. त्यांच्या नातवाला हे सांगायला गेलं तर तो हेल्मेट चढवत म्हणतो, "आज्जा, संध्याकाळी सांगा." संध्याकाळी तो दमलेला असतो.

दोन राज्यांत आयुष्य वाटून घेतल्याच्या गमतीही आहेत. २०२३ साली १० मेला, बुधवारी, कर्नाटकात विधानसभेचं मतदान होतं. आमच्याकडे सुट्टी, कागलात नेहमीची शिफ्ट. सुपरवायझरला बोटाची शाई दाखवून हजेरीचं गणित जुळवावं लागलं. पुढच्या वर्षी लोकसभेला चिक्कोडी आणि कोल्हापूर, दोन्हीकडे ७ मेलाच मतदान आलं, तेव्हा पोरांना कोण आनंद! निवडणूक आयोगाने सीमाप्रश्न एका दिवसापुरता सोडवला, असं तात्या म्हणाले.

एरवी तो सुटत नाही. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं. महाराष्ट्राला तो अहवालच मान्य नव्हता. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पोरांच्या लेखी सीमा म्हणजे कोगनोळीला गाडी अडणं. २०२१मध्ये कोरोना चाचणीच्या कागदासाठी अडली. २०२२च्या डिसेंबरात वाद पेटला, एसटी बंद झाली, तेव्हा ज्यांच्याकडे मोटारसायकल नव्हती ते घरी बसले. घरी बसलेल्याचा पगार कोणतंच राज्य देत नाही.

पण माझा खरा विषय नदी आहे. पाटगावच्या धरणातून सुटलेलं पाणी भुदरगड, मुरगूड करत आमच्यापर्यंत येतं. यमगर्णीच्या जॅकवेलमधून निपाणी शहर ते पितं. आमच्या उसाला तेच, म्हशींना तेच. उन्हाळ्यात तळ दिसतो आणि पावसाळ्यात जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ असे बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात. २०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत तर यमगर्णीजवळ महामार्गच बुडाला. पलीकडे कामावर असलेल्यांना घरी येता येईना. घरात उरलो म्हातारी-कोतारी, आणि गोठ्यातली जनावरं सोडायला, माळ्यावर धान्य चढवायला हात नव्हते. जवान पोरगा कागलातून फोनवर सांगत होता, "बा, आधी म्हशी सोडा." बा सत्तरीचा.

पुराचं पाणी किती चढणार, हे नुसतं पावसावर ठरत नाही. रस्त्याचा भराव किती उंच, पुलाला मोऱ्या किती, ओढ्याच्या तोंडाशी कोणी माती टाकली, यावरही ते ठरतं. मांगूर फाट्यापाशी सहापदरी रस्त्यासाठी भराव नको, खांबांवरचा पूल करा, ही आसपासच्या गावांची मागणी याच भीतीतून आली. भरावाने पाणी अडलं तर फुगवटा मागे रानात आणि घरांत शिरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पूर पाहिलेला माणूस लागतो.

अशा गोष्टी बोलायची जागा ग्रामसभा. ती भरते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. खुर्च्यांवर आम्ही पेन्शनर, दोन-चार ठेकेदार आणि रजिस्टरवर सही करून निघून जाणारे काहीजण. ज्यांची घरं नव्या प्लॉटांवर, थेट पूररेषेच्या तोंडाशी उभी आहेत, ते सगळे त्या वेळी दूधगंगेपलीकडे मशीनवर असतात. त्यांच्या न्हाणीचं पाणी कोणत्या गटारातून नदीत जातं, हे त्यांना ठाऊक नसतं; रात्री अंधारात दिसणार तरी काय? ठराव होतात. सर्वानुमते होतात. पाहुण्यांना आवडलेली शांतता तिथेही असते, आणि ती मला अजिबात आवडत नाही.

बंगळुरूला किंवा मुंबईला याचा बोल लावण्यात अर्थ नाही. हे गावातल्या गावात सुटणारं आहे. तेव्हा ग्रामपंचायतीच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना आणि सदस्यांना विनंती, पुढची ग्रामसभा कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी बोलवा, आणि पावसाळ्याआधी बोलवा. आणि पोरांनो, त्या एका संध्याकाळी ओव्हरटाइम घेऊ नका.