संशयाआधीच झडती

अर्धापूरच्या केळीच्या शिवारात शेतकऱ्याच्या खिशात जो मोबाईल असतो, तो त्याच्या एकट्याचा नसतो. व्यापाऱ्याशी ठरलेल्या भावाचे निरोप, पीककर्जाची कागदपत्रे, सुनेने माहेरी पाठविलेली बाळाची छायाचित्रे आणि तहसीलवर नेलेल्या मोर्चाचे पत्रक, हे सारे त्या एकाच यंत्रात असते. पूर्वी यातले बरेचसे घरातल्या ट्रंकेत कुलूपबंद असे, आणि त्या ट्रंकेला हात लावायचा तर पोलिसाला काही कारण दाखवावे लागे. मोबाईलमधील मजकूर आपोआप तपासणारी यंत्रणा ही कारणाची अटच काढून टाकते. वादाचा गाभा येथे आहे.

ही यंत्रणा काय करते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. आजकाल बरेचसे निरोप सांकेतिक रूपात जातात. मधल्यामध्ये ते कोणाला वाचता येत नाहीत. तेव्हा पत्र पाकिटात पडण्यापूर्वी, लिहिणाऱ्याच्या हातातच ते तपासावयाचे, अशी ही युक्ती आहे. प्रत्येक छायाचित्राचा आकड्यांत ठसा काढला जातो आणि निषिद्ध छायाचित्रांच्या ठशांच्या यादीशी तो ताडून पाहिला जातो. ॲपल कंपनीने ऑगस्ट 2021 मध्ये अशी योजना जाहीर केली. संगणकशास्त्रज्ञ आणि नागरी हक्कांच्या संघटना यांनी कडाडून विरोध केला, आणि डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने ती सोडून दिली. भारतात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील चौथा नियम मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना स्वयंचलित शोधसाधने वापरण्याचा प्रयत्न करावयास सांगतो. खासगीपणाचे भान राखावे, असेही त्यात लिहिले आहे. ते भान किती राखले गेले, हे सामान्य माणसाने कोणत्या खिडकीवर जाऊन विचारावयाचे?

यामागील हेतू खोटा आहे, असे कोणी म्हणू नये. बालकांचे लैंगिक शोषण हा भीषण गुन्हा आहे आणि त्याची छायाचित्रे पसरविणारे शिक्षेस पात्रच आहेत. परंतु अहमदाबादच्या एका अभियंत्याचे काय झाले, ते पाहावे. त्याने गुगलच्या साठवणीत घरची जुनी छायाचित्रे ठेवली. त्यांत तो दोन वर्षांचा असताना आजी त्याला न्हाऊ घालीत असल्याचे एक छायाचित्र होते. यंत्राने त्यात बालशोषण पाहिले आणि त्याचे खाते बंद झाले. टपाल गेले, व्यवसायाचा पत्रव्यवहार गेला. अखेर त्याला गुजरात उच्च न्यायालयात जावे लागले, आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाने कंपनीला व सरकारला नोटिसा काढल्या. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील एका बापाने 2021 साली डॉक्टरांना दाखविण्यासाठी आजारी मुलाचे छायाचित्र काढले, त्याचीही हीच गत झाली. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले, तरी खाते परत मिळाले नाही. ही तपासणी कंपनीच्या साठवणगृहात झाली होती. तीच खुद्द मोबाईलमध्ये सुरू झाली, तर बाळाच्या अंगावरील पुरळाचे छायाचित्र नांदेडच्या डॉक्टरांकडे पाठविणारी अर्धापूरची आईही तिच्या कक्षेत येते. त्या अभियंत्याला उच्च न्यायालयाची पायरी तरी चढता आली!

यंत्र क्वचितच चुकते, असे सांगितले जाते. गणित करून पाहावे. समजा, दिवसाला शंभर कोटी छायाचित्रे तपासली गेली आणि यंत्र लाखात एकदाच चुकले, तरी रोज दहा हजार निर्दोष छायाचित्रांवर गुन्ह्याचा शिक्का बसेल. ती पुन्हा तपासावयास माणसे लागतील. ज्या पोलीस ठाण्यांत आज मुलीची तक्रार नोंदवून घेण्यासही माणूस पुरत नाही, तेथे ती कोठून येणार?

त्याहून गंभीर गोष्ट यादीची. ती गुप्त असते, आणि तिचे स्वरूपच असे की ती उघड करता येत नाही. यंत्राला मूल आणि मोर्चा यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त ठसा कळतो. उद्या त्या यादीत एखाद्या पत्रकाचा ठसा घातला गेला, तर ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. निजामी अमलात सभेला आधी परवानगी लागे, आणि ‘गश्ती निशाण 53’ हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या चांगले स्मरणात होते. पण तो हुकूम निदान कागदावर होता, लोकांना ठाऊक होता.

1986 साली संसदेने टपाल उघडण्याचे अधिकार वाढविणारे विधेयक संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमती रोखून धरली. तो अधिकार 2023 च्या डाक कायद्याने फारशा गलबल्याविना सरकारच्या हाती आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितले होते. तरीही 2023 च्याच वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांवरून आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे.

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसविण्याचा आदेश काढला. ते मजकूर तपासणारे ॲप नव्हे. हरवलेले मोबाईल व बनावट जोडण्या शोधणे हे त्याचे काम. पण मालकाला न विचारता त्याच्या यंत्रात शिरण्याची वाट तीच होती. देशभर ओरड झाली आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. न्यायालयाच्या हुकुमावाचून कोणाच्याही मोबाईलमधील मजकूर तपासला जाणार नाही, असे कलम कायद्यात घालून घेण्याची मागणी त्याच जोराने अजून कोणी केलेली दिसत नाही.